पहिले गिऱ्हाईक

आमच्याकडचा दुकानदार सकाळी उंबऱ्यावर पाणी शिंपडतो, तसबिरीला उदबत्ती ओवाळतो आणि भवानीची वाट पाहत बसतो. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती उधारीची असू नये आणि ते पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये, म्हणून एरवी पैशापैशाला अडून बसणारा गृहस्थही त्या वेळी दोन पावले मागे सरतो. परंतु हा सारा मांडलेल्या दुकानाचा थाट झाला. ज्याचा धंदाच नवा आहे, ज्याच्या दारावरून गाव नित्य जाते पण आत डोकावत नाही, त्याच्या वाट्याला भवानीविना महिने येतात. त्या महिन्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. धंदा चालला तर ते दिवस विसरले जातात, आणि बुडाला तर सांगावयाचे कोणाला?

गेल्या वर्षी वैशाखात आमच्या शेजारच्या घरातील सूनबाईने चटणीचा व्यवसाय आरंभिला. बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथील वाचकांच्या डोळ्यांपुढे चटणी म्हटल्यावर ओल्या खोबऱ्याची वाटी येईल, म्हणून थोडा खुलासा करतो. कोल्हापूरपासून निपाणी-चिकोडीपर्यंतच्या मराठी घरांत चटणी म्हणजे कांदा-लसणाची, लालभडक, वर्षभर टिकणारी. तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची, रंगासाठी ब्याडगी. शिवाय भाजलेले सुके खोबरे, तीळ, धने, तळून कुरकुरीत केलेला कांदा, लसूण आणि गरम मसाल्याचे जिन्नस. ज्या संकेश्वरचे नाव त्या मिरचीला मिळाले ते गाव आमच्या शेजारचेच. उन्हाळ्यात मिरच्या कडकडीत वाळवावयाच्या, देठ खुडावयाचे, डंकावर नेऊन कुटून आणावयाचे आणि बरणीत दाबून भरून वर हिंगाचे खडे ठेवावयाचे, हा आमच्याकडचा चैत्र-वैशाखातील कुळाचारच म्हणा ना.

सूनबाईच्या हाताला चव आहे याविषयी आळीत दुमत नव्हते. तिचे यजमान निपाणीस तंबाखूच्या एका वखारीत कामाला होते. ते काम सुटले, मुलगा दहावीत गेलेला, आणि घरात सासऱ्यांचे औषधपाणी. तेव्हा तिने माहेरच्या दोन पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या, मिरची घेतली, डंकाची मजुरी भरली आणि चाळीस किलो चटणी करून पुड्या बांधल्या. अन्नपदार्थ विकावयाचे तर नोंदणी लागते, तोही कागद तिने खेटे घालून मिळविला. अशा कामात ती कोठे कमी पडली नाही. चूक झाली ती निराळीच. वैशाख संपत आला असता, म्हणजे गावातील प्रत्येक घरची बरणी नुकतीच काठोकाठ भरली असता, ती चटणी विकावयास निघाली.

तरीही पहिल्या महिन्यात अकरा किलो चटणी खपली! नणंदेने घेतली, मामेसासऱ्यांनी घेतली, भजनी मंडळातील बायकांनी पाव-पाव किलो घेतली, आमच्या घरीही अर्धा किलो आली. प्रत्येकाने तोंड भरून स्तुती केली. सूनबाईला वाटले, आता गाडी रुळावर आली. दुसऱ्या महिन्यात सव्वा किलो खपली, आणि तिसऱ्यात एक पुडीही नाही. कारण आम्ही सर्वांनी जी खरेदी केली ती भिडेची होती. भिडेची खरेदी हे आपल्यासारख्या परमुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या समाजांचे एक खास दुखणे आहे. आपण एकमेकांना धरून असतो, आणि ते चांगलेच आहे. परंतु आपल्या माणसाने काही सुरू केले की आपण एकदा घेतो, छान म्हणतो आणि कर्तव्य पार पडले असे समजतो. त्या एका खरेदीने नव्या उद्योजकाचा समज मात्र पुरता चुकतो. आमच्या घरचा अर्धा किलो दिवाळीपर्यंत फडताळात तसाच होता, हे मी येथे कबूल करून टाकतो.

त्या साऱ्या आप्तमंडळींत एकटी तिची धाकटी जाऊ खरे बोलली. ती म्हणाली, "वहिनी, रागावू नका, पण तळाशी वास येतोय." कांदा पुरता न वाळविता तळला गेला होता, ओल राहिली आणि पावसाळी हवेत ती खाली उतरली. सूनबाई दोन दिवस जावेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने उरलेल्या सगळ्या पुड्या फोडल्या, वास आलेली सात किलो चटणी परसात खड्डा करून पुरली आणि बाकीची बरणीत भरली. आमच्यासारख्या दहाजणांच्या स्तुतीपेक्षा जावेचे ते एक वाक्य तिच्या अधिक कामी आले, असे माझे मत आहे.

मग ती बसस्थानकाजवळच्या एका खानावळीत गेली. चिकोडी हे तालुक्याचे गाव. कोर्टकचेऱ्यांना येणारी खेड्यापाड्यांतील माणसे, बदलीवर आलेले नोकर, खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी, यांची दुपार खानावळीत जाते. ज्यांच्या घरी बरणी नाही अशी हीच माणसे, हा तिचा हिशेब अगदी बरोबर होता. खानावळवाले कन्नड बोलणारे. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून म्हटले, फार तिखट. तिने ब्याडगी वाढवून दुसरा नमुना नेला. ते म्हणाले, रंग हवा तसा नाही. तिने तोही सुधारला, तेव्हा ते म्हणाले, पुढे बघू. त्या संध्याकाळी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, आता काय बदलू? का त्यांना आमची भाषाच नको आहे?"

सीमाभागात हा शेवटचा संशय फार लवकर येतो, आणि तो प्रत्येक वेळी निराधार असतो असेही मी म्हणणार नाही. परंतु मला त्या वेळी आठवण झाली ती बेळगावच्या एका जुन्या कहाणीची. ती मी तिला सांगितली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा, आमच्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. ते मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्याच्या दृष्टिदोषामुळे ती वाट सोडावी लागली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाकला शिकवू लागले. 1888 साली बेळगावास किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि बंधू रामुअण्णा त्या विकीत. पण ज्या गावात सायकल चालविता येणारा मनुष्यच नाही तेथे सायकल घेणार कोण? म्हणून रामुअण्णा सायकल चालवावयास शिकवीतही असत. दुकानदाराने आधी गुरू व्हावयाचे आणि मग शिष्यांतून गिऱ्हाईक निघावयाचे, असा तो क्रम होता. दुकान ज्या रस्त्यावर होते तो आज किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जातो.

पुढे मुंबईत हक्काची बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावी आले. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर केला. हे नांगर तयार होऊन पडले, पण पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षे लागली. दोन वर्षे! सूनबाईचे अवघे तीन महिने झाले होते. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, लोखंडाने जमिनीत विष भिनते. आपल्याकडे ही हकीकत बहुधा शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते, आणि ऐकणारे हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या न्यू जर्सीच्या माणसाने 1797 साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील गोऱ्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटले होते, की लोखंडाने जमीन नासते आणि तण माजते. शंभर वर्षांच्या आणि सात समुद्रांच्या अंतरावर दोन ठिकाणचे शेतकरी अगदी तेच शब्द बोलतात, तेव्हा तो केवळ अडाणीपणा नसावा. त्या शब्दांच्या आड दुसरे काही असावे.

न्यूबोल्डचा नांगर एकसंध ओतलेला होता. ओतीव लोखंड ठिसूळ. एखाद्या दगडाला लागून टोक मोडले की सारा नांगर भंगारात. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार संध्याकाळपर्यंत उभा करून देतो, पण हा कोण दुरुस्त करणार? पुढे 1819 साली जेथ्रो वुड याने सुटे भाग बदलता येतील असा नांगर केला, तेव्हा विषाची भाषा हळूहळू मागे पडली. आपल्याकडेही लोखंडी नांगराला बैलांच्या अधिक जोड्या लागत. ज्याच्या गोठ्यात एकच जोडी, त्याने पैऱ्यासाठी शेजाऱ्यांची मने वळवावयाची. पेरणीच्या तोंडावर नांगर अडला तर वर्ष बुडाले, आणि नांगर विकणारा तर बेळगावच्या बाजारपेठेत सुखरूप बसलेला. एवढे सारे शेतकरी मांडून सांगत नाही. तो एक शब्द सांगतो, विष. माझी समजूत अशी की, नव्या मालाला नकार देणारा मनुष्य बहुधा मनातले कारण सांगत नाही. ते त्याला शब्दांत धरता येत नाही, किंवा समोरच्याला तोंडावर सांगणे बरे दिसत नाही. तो हाताशी असलेले कारण देतो. विकणारा त्या दिलेल्या कारणाशी झुंजत राहतो, आणि खरे कारण आपल्या जागी स्वस्थ बसून राहते.

लक्ष्मणराव त्या दोन वर्षांत खचले नाहीत, हे त्यांच्या चरित्राचे वाचक जाणतातच. 1910 साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर घरोघर पोहोचला. 1920 साली त्याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. त्याचा मूळ हेतू कारखान्याची आणि मालाची हकीकत गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्याचा होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. पुढे 'खबर' हा शब्द गळला, 'किर्लोस्कर' मासिक मराठी घरांत स्थिरावले आणि 1930 साली 'स्त्री'ही आले. आपल्या कौटुंबिक मासिकांची परंपरा अशी एका नांगरवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या शोधातून निघाली आहे. हे लिहिताना मला, का कोण जाणे, थोडा अभिमान वाटतो. असो.

ही हकीकत ऐकून सूनबाई म्हणाली, "म्हणजे तिखट आणि रंग हे त्यांचे विष?" मी म्हटले, "असेल. तू पुन्हा जा, पण नमुना नेऊ नकोस. चटणी का घेत नाही हे विचारू नकोस. आजवर चटणी कोठून घेता आणि संपते तेव्हा काय करता, एवढेच विचार." तिचे कन्नड जेमतेम, ती कागलकडची. म्हणून आमच्या सुनेला तिने बरोबर नेले.

खानावळवाल्यांनी चहा मागविला आणि मग बरेच काही सांगितले. दोन वर्षांपूर्वी अशाच एका घरगुती बाईंकडून ते चटणी घेत असत. माल उत्तम. तीन महिने नियमाने आली. पाऊस लागला, मिरची वाळेना, आणि एका सकाळी निरोप आला की आता दिवाळीनंतर. त्या दिवशी दोनशे ताटांची आमटी त्यांनी बाजारच्या पुडीवर काढली आणि संध्याकाळी निम्म्या मेंबरांनी तोंडे वाकडी केली. तेव्हापासून घरगुती मालाला लांबूनच नमस्कार. आणखी एक गोष्ट निघाली. पुडीवरच्या 'चटणी' या शब्दाने त्यांचा आधीच गोंधळ झाला होता. कन्नड घरांत चटणी म्हणजे शेंगदाण्याची, जवसाची, ताटात डावीकडे वाढावयाची; आपण ज्याला चटणी म्हणतो त्याच्या जवळचे त्यांच्याकडे जे असते ते 'मसाला खारा'. भाषा आड आली होती खरी, पण सूनबाईला वाटली त्या रीतीने नव्हे.

याच वेळी मी तिला मुंबईच्या लिज्जत पापडाची गोष्ट सांगितली. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले; पहिल्या दिवशीचा माल चार पाकिटे; तो भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतला. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचे थोड्यांना ठाऊक असते. त्या पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाटेखाली. काम चालू राहिले. आणखी एक गोष्ट अशी की, आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक बरा आणि एक स्वस्त. ज्यांनी ऐंशी रुपये दिले होते त्या छगनबाप्पांनी स्वस्त प्रत बंद करावयास लावली. पहिल्या वर्षाची विक्री 6196 रुपये झाली. भुलेश्वरच्या व्यापाऱ्याने ती चार पाकिटे ओळखीखातर घेतली असतील. पुढची मात्र पापड चांगला होता आणि तो येत राहिला म्हणूनच घेतली गेली असणार.

सूनबाईने खाट हाच शब्द उचलला. न्हाणीघरातील चुलीच्या वर तिने सुतळीची जुनी खाट टांगली आणि पातळ कापलेला कांदा तिच्यावर पसरून वाळवू लागली. मिरची उन्हाळ्यातलीच डब्यांत बंद होती. आषाढाच्या धारांत तिने तीन-तीन किलोचे घाणे काढले आणि दर घाण्याची तारीख वहीत लिहिली. नव्या पुडीवर दोन्ही लिप्यांत दोन्ही नावे आली. ते कन्नड अक्षर आमच्या नातवाने वळवून वळवून काढले.

मग तिने जे केले ते माझ्या सल्ल्याने नव्हे. मला सुचलेही नसते. पाच किलोचा एक डबा बंद करून तिने तो खानावळीत नेऊन ठेवला आणि सांगितले, "हा तुमचा नाही, माझाच आहे. तुमची चटणी ज्या दिवशी संपेल त्या दिवशी फोडा. फोडलात तर पैसे द्या. दर पंधरा दिवसांनी मी येऊन हा परत नेईन आणि ताजा ठेवीन, फोडा की न फोडा." शेतकऱ्याने अडखळावे तो धोका तिने आपल्या डोक्यावर घेतला होता. पाटल्या तारण असताना पाच किलो माल असा बेवारशी ठेवणे सोपे नव्हे. तिच्या यजमानांना ते मुळीच पसंत नव्हते आणि त्यांनी ते बोलूनही दाखविले. डबा तीन वेळा गेला आणि तीन वेळा जसाच्या तसा परत आला. परत आलेला माल ती आठवड्याच्या बाजारात पाव किलोच्या पुड्यांनी, नफा न धरता विकून टाकी.

गौरी-गणपतीसाठी गावी गेलेले विद्यार्थी परतले, खानावळीत एकदम गर्दी झाली, आणि डबा फुटला. दुसऱ्या दिवशी पैसे आले, त्यांबरोबर दोन किलोची मागणी आली आणि एक तक्रारही आली, की मीठ थोडे जास्त आहे. सूनबाईने मला ती तक्रार आनंदाने सांगितली. या वेळी तिला तिचा अर्थ बरोबर कळला होता. ज्याला पुन्हा घ्यावयाचे आहे तोच मिठाची गोष्ट काढतो.

दिवाळीनंतर त्या खानावळीत जेवणाऱ्या एका बँकेच्या नोकराने आमटीची चौकशी केली आणि बायकोसाठी अर्धा किलो नेली. तो पहिला घरगुती गिऱ्हाईक, ज्याच्याशी सूनबाईचे नाते नाही, गोत नाही, भाषाही नाही. आता आठवड्याला सहा-सात किलो जाते. ही मोठी उलाढाल नव्हे, आणि यजमानांनी नोकरीचा शोध सोडलेला नाही. धाकटी जाऊ दर घाण्याचा वास घेऊन पाहते. त्याबद्दल तिला किलोमागे काही ठरवून दिले आहे असे ऐकतो.

एक पाटली माघ महिन्यात सुटली. दुसरी सोडवावी की त्या पैशाची चैत्रातील मिरची आधी घेऊन ठेवावी, हे विचारावयास ती परवा आली होती. मिरची आज घेतली तर स्वस्त पडेल, पण पाटली मुलाच्या परीक्षेआधी घरी यावी असे सासूबाईंच्या मनात आहे. मी तिला एक दिवस मागून घेतला. त्याला आज चार दिवस झाले.